घरच्या संगणकासाठी सुरक्षा सॉफ्टवेअर कसे निवडावे

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या किंवा शाहूपुरीतल्या दुकानात नवा संगणक घेतला, की बिल करताना दुकानदार हमखास विचारतो, “अँटीव्हायरस टाकायचा न्हवं?” बहुतेक ग्राहक मान डोलावतात, काउंटरवरच्या चकचकीत खोक्यांपैकी एक पिशवीत येते आणि पुढे वर्षभर त्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. त्या संगणकावर घरातले कोण कोण बसणार, त्यावर काय साठवले जाणार, त्याला बाहेरचे पेन ड्राइव्ह लागणार की नाही, हे दुकानदार विचारत नाही आणि ग्राहकही सांगत नाही. खरे पाहता निवड याच माहितीवर व्हायला हवी.

माझे मत आधीच सांगून टाकतो. बहुसंख्य घरांना विंडोजबरोबर येणारे संरक्षण पुरेसे असते, मात्र ते खरोखर चालू आहे याची खात्री आपणच करून घ्यावी लागते. आणि विकतच्या सॉफ्टवेअरसाठी बाजूला काढलेले पैसे आधी, फाइलींची दुसरी प्रत ठेवण्यासाठी, बाहेरून जोडता येणाऱ्या हार्ड डिस्कवर खर्च करणे अधिक शहाणपणाचे ठरते. काही घरांना विकतचे सॉफ्टवेअर लागते, ती कोणती आणि त्यांनी काय पाहून घ्यावे, हेही पुढे येईल.

आधी विंडोज कोणते, ते पाहावे

विंडोजचे बटण आणि आर ही कळ एकत्र दाबली की एक लहान चौकट उघडते. तिच्यात विनव्हर (winver) ही सहा इंग्रजी अक्षरे लिहून एंटर दाबल्यास आपल्या संगणकावर विंडोजची कोणती आवृत्ती आहे हे कळते. तिथे विंडोज १० दिसत असेल तर अँटीव्हायरसचा विचार तात्पुरता बाजूला ठेवावा, कारण मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. घरगुती वापरकर्त्यांसाठी वाढीव सुरक्षा अपडेटची योजना जाहीर झाली, पण तिची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतचीच ठेवण्यात आली आणि तिच्यासाठी वेगळी नोंदणी करावी लागते. विंडोज ७ किंवा ८ असेल तर त्यांचा पाठिंबा त्याहूनही आधी थांबलेला आहे.

आवृत्तीचा आग्रह कशासाठी, हे २०१७ च्या घटनेवरून स्पष्ट होते. त्या वर्षी मे महिन्यात वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर व्हायरसने जगभरातल्या संगणकांवरील फाइली कुलूपबंद केल्या आणि त्या सोडवण्यासाठी बिटकॉइनमध्ये पैसे मागितले. तो विंडोजमधल्या ज्या त्रुटीतून आत शिरला, ती बुजवणारे अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच, म्हणजे सुमारे दोन महिने आधी दिले होते. ज्यांनी ते अपडेट घेतले होते त्यांच्या संगणकात त्याला त्या वाटेने शिरता आले नाही. ज्या प्रणालीला अपडेटच मिळत नाहीत, तिच्यावर कितीही महागडे सुरक्षा सॉफ्टवेअर चढवले तरी त्रुटी आपल्या जागी उघडीच राहते.

विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि बऱ्यापैकी अलीकडचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे बरेच जुने संगणक त्यात बसत नाहीत. अशा संगणकाचा उपयोग बातम्या वाचणे, व्हिडिओ पाहणे आणि पत्रव्यवहार एवढाच असेल तर त्यावर लिनक्सची उबुंटूसारखी मोफत प्रणाली टाकणे हा उत्तम मार्ग आहे. आमच्याकडे मात्र सरसकट दुसराच मार्ग निवडला जातो: ओळखीचा एखादा मुलगा घरी येऊन क्रॅक केलेले विंडोज “टाकून देतो”. हे विंडोज अस्सल असल्याचे भासवण्यासाठी जे अ‍ॅक्टिव्हेटर चालवावे लागते, ते सुरू करण्यापूर्वी अँटीव्हायरस बंद करण्याची अट असते, आणि काही अ‍ॅक्टिव्हेटर जाता जाता स्वतःचे फोल्डर तपासणीतून कायमचे वगळून टाकतात. ज्या घराचा दरवाजा असा आतूनच उघडा ठेवला आहे, तिथे बाहेर कोणत्या कंपनीचा पहारेकरी उभा करावा ही चर्चा व्यर्थ आहे. अशा संगणकावरची कागदपत्रे आणि फोटो काढून घ्यावेत, डिस्क पूर्ण पुसावी आणि अस्सल विंडोज किंवा लिनक्स यांपैकी एक नव्याने टाकावे. निवडीचा प्रश्न त्यानंतरचा.

घरात आहे ते संरक्षण जागे आहे का?

विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, विंडोजमध्ये डिफेंडर हा अँटीव्हायरस अंगभूत येतो. त्यासाठी वेगळे पैसे द्यावे लागत नाहीत, त्याची मुदत संपत नाही, आणि दुसऱ्या कंपनीचा अँटीव्हायरस टाकला की तो सहसा आपणहून मागे सरतो. स्टार्ट मेनूमध्ये विंडोज सिक्युरिटी शोधून उघडावे आणि व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन या भागात मॅनेज सेटिंग्ज निवडावे. तिथे रिअल टाइम प्रोटेक्शन, क्लाउड डिलिव्हर्ड प्रोटेक्शन आणि टॅम्पर प्रोटेक्शन ही तिन्ही बटणे चालू असली पाहिजेत. टॅम्पर प्रोटेक्शनकडे विशेष लक्ष द्यावे, कारण आत शिरलेल्या व्हायरसचे पहिले काम पहारा बंद पाडण्याचे असते आणि हे बटण त्याला तेच करू देत नाही.

त्याच पानावर अगदी खाली एक्सक्लूजन्स नावाची यादी आहे, आणि तिथवर फारच थोडे लोक जातात. ही तपासणीतून वगळलेल्या फाइलींची आणि फोल्डरांची यादी असून सर्वसाधारण घरात ती रिकामी असायला हवी. तिच्यात संपूर्ण सी ड्राइव्हच नोंदवलेला आढळला, तर त्याचा अर्थ असा की डिफेंडर चालू दिसत असला तरी तो जवळपास काहीच तपासत नाही. आपण स्वतः जाणूनबुजून घातलेली नोंद सोडून बाकीच्या सर्व नोंदी तिथून काढून टाकाव्यात.

यानंतर अ‍ॅप अँड ब्राउझर कंट्रोल या भागात जाऊन अनावश्यक अ‍ॅप रोखण्याची सोय चालू करावी. एखादा मोफत पीडीएफ कन्व्हर्टर उतरवताना त्याच्यासोबत नको असलेला सर्च बार आणि जाहिराती घुसतात, त्या प्रकाराला यामुळे बराच आळा बसतो. रॅन्समवेअर प्रोटेक्शनमध्ये, म्हणजे खंडणीखोर व्हायरसपासून बचावाच्या भागात, कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस नावाची आणखी एक सोय आहे, पण ती मुळात बंद असते. ती चालू केल्यावर अनोळखी प्रोग्रामला आपल्या डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्ससारख्या फोल्डरांत बदल करता येत नाही. पहिले काही दिवस तिचा त्रास होतो, कारण हिशेबाचे एखादे जुने सॉफ्टवेअर फाइल साठवायला गेले की तेही अडवले जाते आणि त्याला हाताने परवानगी द्यावी लागते. तेवढा त्रास सोसण्यासारखा आहे.

संरक्षण जागे आहे की नाही, हे पाहण्याची एक निरुपद्रवी पद्धत आहे. ईकार या युरोपीय संस्थेने ६८ अक्षरांची एक चाचणी फाइल तयार केलेली आहे. तिच्यात व्हायरस नाही, परंतु बहुतेक सर्व अँटीव्हायरस कंपन्यांनी तिला व्हायरस समजून अडवायचे असे ठरवले आहे. संस्थेच्या संकेतस्थळावरून ती उतरवण्याचा प्रयत्न करावा. संरक्षण चालू असेल तर ती उतरता उतरताच अडवली जाते. या चाचणीने पहारेकरी जागा आहे इतकेच कळते, तो किती हुशार आहे हे कळत नाही.

डिफेंडरच्या मर्यादाही ध्यानात ठेवाव्यात. त्याची बरीचशी ताकद इंटरनेटवरून मिळणाऱ्या ताज्या माहितीवर अवलंबून असल्याने जोडणी नसताना त्याची पकड सैल होते. फसव्या संकेतस्थळांपासून मिळणारे त्याचे पूर्ण संरक्षण मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरमध्ये मिळते. क्रोम किंवा फायरफॉक्स वापरणाऱ्यांना त्या ब्राउझरच्या स्वतःच्या इशाऱ्यांवर विसंबावे लागते, आणि ते इशारेही चांगलेच असतात. तिसरी मर्यादा पेन ड्राइव्हची आहे, आणि कोल्हापूरच्या घरांपुरते बोलायचे तर मला तीच सर्वांत महत्त्वाची वाटते.

पेन ड्राइव्हचा प्रश्न

शिवाजी विद्यापीठाच्या परिसरातली झेरॉक्सची दुकाने परीक्षेच्या आणि प्रवेशाच्या दिवसांत सकाळपासून गजबजलेली असतात. प्रकल्पाचा अहवाल, हॉल तिकीट, जातीच्या दाखल्याची प्रत असे काहीही छापायचे झाले की प्रत्येक जण खिशातला पेन ड्राइव्ह काढून देतो आणि एकाच संगणकाला दिवसभरात कितीतरी पेन ड्राइव्ह लागतात. त्यांतल्या एखाद्यात व्हायरस असला, तर संध्याकाळपर्यंत तो कितीतरी घरी पोहोचलेला असतो.

यातला नेहमीचा पाहुणा म्हणजे शॉर्टकट व्हायरस. घरी पेन ड्राइव्ह उघडल्यावर फोल्डर पूर्वीसारखेच, त्याच नावाचे दिसतात, पण चिन्हाच्या डाव्या कोपऱ्यात एक लहानसा वळलेला बाण असतो. त्यावर दोनदा क्लिक केले की फोल्डर उघडतोही, त्यामुळे कोणाला शंका येत नाही. मधल्या क्षणात मात्र व्हायरसचा प्रोग्राम चालून गेलेला असतो आणि त्यानंतर त्या संगणकाला लागणारा प्रत्येक पेन ड्राइव्ह बाधित होतो. अशा वेळी घाबरून पेन ड्राइव्ह फॉरमॅट करण्याची चूक बरेच जण करतात. मूळ फोल्डर पुसलेले नसतात, ते केवळ लपवलेले असतात. शॉर्टकटला हात न लावता पेन ड्राइव्हच्या चिन्हावर उजवे क्लिक करून स्कॅन करावे, नंतर फाइल एक्सप्लोररच्या पर्यायांत लपवलेल्या फाइली दाखवण्याची आणि प्रणालीच्या संरक्षित फाइली न लपवण्याची निवड करावी, म्हणजे मूळ फोल्डर फिकट रंगात दिसू लागतात आणि त्यांतल्या कामाच्या फाइली दुसरीकडे उतरवून घेता येतात.

डिफेंडर पेन ड्राइव्हमधली फाइल उघडताना तपासतो, परंतु पेन ड्राइव्ह लावताक्षणी तो आपणहून संपूर्ण तपासत नाही. ज्या घरात विद्यापीठात जाणारी मुले आहेत, किंवा ज्या घरातून लोकांचे अर्ज भरून देण्याचे काम चालते, तिथे लावताक्षणी तपासणी करणारे विकतचे सॉफ्टवेअर उपयोगाचे ठरते, आणि खरेदी करताना ही सोय आहे का हे मुद्दाम विचारावे. छपाईपुरता प्रश्न असेल तर बिनखर्चाचा उपाय असा, की फाइलची पीडीएफ करून ती दुकानाच्या ईमेलवर पाठवावी आणि पेन ड्राइव्ह घरीच ठेवावा.

विकतचे कोणी घ्यावे

शाहू मार्केट यार्डातल्या गुळाच्या अडतीचे हिशेब, हुपरीच्या चांदीच्या कामाच्या नोंदी किंवा उद्यमनगरातल्या लहान कारखान्याची बिले ज्या घरच्या संगणकावर लिहिली जातात, तो संगणक घरात असला तरी घरगुती राहिलेला नसतो. त्यावर अनोळखी व्यापाऱ्यांचे ईमेल येतात, ईमेलला बिलाच्या नावाखाली फाइली जोडलेल्या असतात, आणि हिशेबाची फाइल एकदा कुलूपबंद झाली तर वर्षाचा व्यवहार अडकतो. अशा घराने विकतचे संरक्षण घ्यावे. दुसरे घर म्हणजे जिथे मुले पुण्याला किंवा परदेशी आहेत आणि वयस्कर आईवडील एकटेच संगणक वापरतात. त्यांना अडचणीच्या वेळी फोनवर मराठीत किंवा हिंदीत समजावून सांगणारे कोणी हवे असते आणि ते डिफेंडर देत नाही. लहान मुलांवर नियंत्रण ठेवण्यासाठी मात्र पैसे देण्याची घाई करू नये, कारण मायक्रोसॉफ्टची फॅमिली सेफ्टी ही मोफत सोय बहुतेकांना पुरते.

भारतीय कंपन्यांपैकी पुण्याची क्विक हील आणि चेन्नईची केसेव्हन ही नावे बाजारात जुनी आहेत. क्विक हील उभी करणारे कैलाश आणि संजय काटकर हे बंधू मूळचे शेजारच्याच सातारा जिल्ह्यातले, त्यामुळे आपल्याकडे या नावाविषयी आपुलकी असणे स्वाभाविक आहे. ही आपुलकी गुणवत्तेचा पुरावा होत नाही. पण दुकानात सहज मिळणारे खोके आणि भारतातल्या क्रमांकावरून मिळणारी मदत यांचे मोल वयस्कर वापरकर्त्यांच्या बाबतीत खरेच मोठे असते. परदेशी कंपन्यांमध्ये बिटडिफेंडर, ईसेट, नॉर्टन, मॅकॅफी, कॅस्परस्की अशी नावे समोर येतात. नॉर्टन, अवास्ट, एव्हीजी आणि अविरा ही चारही नावे आता जेन डिजिटल या एकाच कंपनीची आहेत, हे तुलना करताना विसरू नये.

चाचण्यांचे निकाल कसे वाचावेत

इंटरनेटवर “सर्वोत्तम दहा अँटीव्हायरस” अशा याद्या पुष्कळ सापडतात. त्यांपैकी बऱ्याच याद्या, वाचकाने दिलेल्या दुव्यावरून खरेदी केली की लेखकाला दलाली मिळते, या तत्त्वावर चालतात. त्यांच्याऐवजी स्वतंत्र प्रयोगशाळांचे निकाल पाहावेत. जर्मनीतील माग्देबुर्ग येथील एव्ही टेस्ट ही संस्था संरक्षण, वेग आणि वापरातली सुलभता या तीन कसोट्यांवर प्रत्येकी ६, असे एकूण १८ गुण देते. ऑस्ट्रियातील इन्सब्रुक येथील एव्ही कम्पॅरेटिव्ह्ज ही संस्था प्रत्यक्ष इंटरनेटवरच्या धोक्यांविरुद्धची चाचणी, वेगाची चाचणी आणि खोट्या इशाऱ्यांची मोजणी स्वतंत्रपणे प्रसिद्ध करते. दोन्ही संस्थांचे निकाल फुकट वाचता येतात.

निकाल वाचताना पहिल्या आणि चौथ्या क्रमांकातल्या दशांश गुणांच्या फरकात अडकू नये, कारण पुढच्या चाचणीत तो उलटा होऊ शकतो. एखादे नाव लागोपाठ वर्षभर वरच्या गटात टिकून आहे का, एवढे पाहणे पुरेसे आहे. संरक्षणाच्या गुणांपेक्षा खोट्या इशाऱ्यांचा तक्ता मी अधिक बारकाईने वाचतो. जे सॉफ्टवेअर निरुपद्रवी फाइलींवर सतत आरडाओरड करते, त्याच्या इशाऱ्याकडे घरातले लोक हळूहळू दुर्लक्ष करू लागतात आणि खऱ्या धोक्याच्या वेळीही “अलाऊ” दाबून मोकळे होतात. संगणक जुना असेल तर वेगाचा तक्ता पाहावा. तरीही ४ जीबी मेमरी आणि जुनी फिरती हार्ड डिस्क असलेल्या संगणकावर कोणतेही सॉफ्टवेअर जडच जाणार आहे. तिथे त्याच पैशात एसएसडी ही वेगवान, न फिरणारी डिस्क बसवून डिफेंडरवर भागवावे.

विश्वासाचा मुद्दा कोणत्याही तक्त्यात येत नाही. अँटीव्हायरस आपल्या संगणकावरची प्रत्येक फाइल आणि पुष्कळदा आपण भेट दिलेले प्रत्येक संकेतस्थळ पाहू शकतो, म्हणून त्याच्या मालकाची वागणूक कशी आहे याला महत्त्व आहे. वापरकर्त्यांच्या ब्राउझिंगची माहिती विकल्याच्या प्रकरणात अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२४ मध्ये अवास्टला १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. त्याच वर्षी अमेरिकेने राष्ट्रीय सुरक्षेचे कारण देऊन कॅस्परस्कीच्या तेथील विक्रीवर बंदी घातली; या कंपनीचे तांत्रिक निकाल मात्र वर्षानुवर्षे उत्तम होते. या दोन प्रकरणांचे स्वरूप वेगळे आहे आणि दुसऱ्यावरून कोणता निष्कर्ष काढायचा हे ज्याने त्याने ठरवावे. मोफत सॉफ्टवेअर घेताना मात्र कंपनी पैसे कशातून मिळवते, हा प्रश्न पहिल्या प्रकरणानंतर विचारलाच पाहिजे.

खोके हातात घेतल्यावर

खोक्यावरची “१ युजर” किंवा “३ युजर” ही संख्या बहुधा माणसांची नसून उपकरणांची असते, म्हणजे तिघांच्या घरात एकच संगणक असेल तर एकाचाच परवाना पुरतो. मुदत सहसा खरेदीच्या दिवसापासून धरली जात नाही, ती परवान्याचा सांकेतिक क्रमांक, म्हणजे ‘की’, टाकून सॉफ्टवेअर चालू केल्यापासून मोजली जाते. अँटीव्हायरस, इंटरनेट सिक्युरिटी आणि टोटल सिक्युरिटी अशा चढत्या पायऱ्यांमध्ये मूळ व्हायरस पकडण्याची ताकद साधारणपणे सारखीच असते; वरच्या पायरीवर फसव्या संकेतस्थळांपासून बचाव, बँकेच्या व्यवहारांसाठी वेगळी सुरक्षित खिडकी, पालकांचे नियंत्रण आणि संगणक “वेगवान” करणारी साधने यांची भर पडते. यांपैकी पहिल्या दोन गोष्टींसाठी थोडे अधिक पैसे द्यावेत. “वेगवान” करणाऱ्या साधनांतल्या रजिस्ट्री क्लीनरसाठी, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत नोंदी साफ करणाऱ्या साधनासाठी, एक रुपयाही देऊ नये, कारण मायक्रोसॉफ्ट स्वतःच त्यांच्या वापराला पाठिंबा देत नाही आणि त्यांनी झालेली मोडतोड निस्तरणे कठीण जाते. मोफत व्हीपीएनचे, म्हणजे इंटरनेटची जोडणी झाकून नेणाऱ्या सोयीचे, आमिषही बहुतेकदा रोजच्या थोड्या डेटापुरतेच असते.

किंमत बघताना पहिल्या वर्षाच्या सवलतीच्या आकड्याशेजारी नूतनीकरणाचा आकडा शोधावा, कारण ऑनलाइन खरेदीत दुसऱ्या वर्षी तो बराच चढलेला असतो आणि कार्डावरून परस्पर पैसे कापले जाण्याची खूण आधीच केलेली असते. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार अशी आपोआप होणारी वजावट करण्याच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला सूचना द्यावी लागते. तो एसएमएस जाहिरात समजून पुसू नये. कोणत्या तरी अनोळखी संकेतस्थळावरून फार स्वस्तात मिळणारी ‘की’ घेण्याच्या फंदात पडू नये, ती बऱ्याचदा दुसऱ्या देशापुरतीच चालणारी निघते.

पैसे देण्यापूर्वी चाचणीची आवृत्ती टाकून पाहावी. बऱ्याच कंपन्या ३० दिवसांची मोफत चाचणी देतात. त्याआधी लॅपटॉपबरोबर आलेला, मुदत संपलेला जुना अँटीव्हायरस पूर्णपणे काढून टाकावा. त्यासाठी बहुतेक कंपन्यांच्या संकेतस्थळावर स्वतंत्र साधन मिळते. दोन कंपन्यांचे अँटीव्हायरस एकत्र ठेवल्याने दुप्पट संरक्षण मिळत नाही, ते एकमेकांच्याच फाइलींवर संशय घेत संगणक गोठवून टाकतात. चाचणीच्या काळात नेहमीची कामे करून पाहावीत: हिशेबाचे सॉफ्टवेअर उघडायला किती वेळ लागतो, बँकेचे पान नीट उघडते का, जीएसटीच्या पोर्टलवर डिजिटल सिग्नेचरचा टोकन ओळखला जातो का. सुरक्षित संकेतस्थळांचीही तपासणी करण्यासाठी काही सॉफ्टवेअर मध्ये स्वतःचे प्रमाणपत्र घालतात आणि त्यामुळे सहीचा टोकन अडकण्याचे प्रकार घडतात. विवरणपत्र भरण्याच्या शेवटच्या दिवशी हे लक्षात येण्यापेक्षा चाचणीतच आलेले बरे.

बनावट पहारेकरी

एखादे संकेतस्थळ उघडल्यावर अचानक पडदा लाल होतो, कर्कश भोंगा वाजू लागतो, “तुमच्या संगणकात व्हायरस सापडला आहे, बंद करू नका” असे बजावले जाते आणि खाली एक फोन क्रमांक ठळकपणे दिलेला असतो. हे संगणकाचे बोलणे नसते, ते एक साधे वेबपान असते. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावे, ब्राउझर बंद करावा आणि पुन्हा उघडताना जुनी पाने परत आणू नयेत. त्या क्रमांकावर फोन केला तर पलीकडचा माणूस एनीडेस्कसारखे दुरून संगणक हाताळण्याचे सॉफ्टवेअर टाकायला सांगतो आणि पुढचा मोर्चा बँकेच्या खात्याकडे वळतो.

याचाच सौम्य प्रकार म्हणजे पडद्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्यातून वर सरकणारी, एखाद्या नामांकित अँटीव्हायरसची मुदत संपल्याचे सांगणारी चौकट, आणि तीही तो अँटीव्हायरस त्या संगणकावर मुळात नसताना. कधीतरी कोणत्या तरी संकेतस्थळाला सूचना पाठवण्याची परवानगी दिली गेलेली असते, तिचा हा परिणाम. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये नोटिफिकेशन्सच्या यादीत जाऊन अनोळखी संकेतस्थळे काढून टाकली की या चौकटी थांबतात. ईमेलने येणारी “तुमचे वार्षिक वर्गणीचे पैसे कापले गेले आहेत, रद्द करण्यासाठी फोन करा” अशी बिलेही याच जातीची. पैसे गेलेच असतील तर वेळ न दवडता १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार करावी, कारण रक्कम पुढच्या खात्यांत पसरण्यापूर्वी ती गोठवता येण्याची शक्यता सुरुवातीच्या काही तासांत सर्वाधिक असते.

बॅकअप, आणि तरीही घात झाला तर

कोणतेही सुरक्षा सॉफ्टवेअर शंभर टक्के धोके अडवत नाही, म्हणून घरातले फोटो, दाखले आणि हिशेब यांची प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवावी आणि काम झाले की ती डिस्क संगणकापासून काढून ठेवावी. कायम जोडलेली डिस्क खंडणीखोर व्हायरस संगणकाबरोबरच कुलूपबंद करतो. दुसरी प्रत घराबाहेर असावी, आणि हे कोल्हापूरकरांना वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. २०१९ आणि २०२१ मध्ये पंचगंगेचे पाणी शाहूपुरी आणि व्हीनस कॉर्नरपर्यंत आले तेव्हा तळमजल्यावरचे संगणक आणि त्यांच्याच टेबलाच्या खणातल्या बॅकअप डिस्का एकत्रच बुडण्याचा धोका होता. उंचावर राहणाऱ्या नातेवाइकांकडे एक डिस्क ठेवता येते, किंवा महत्त्वाची कागदपत्रे तेवढी क्लाउडवर ठेवता येतात; गूगलच्या खात्याबरोबर मिळणारी १५ जीबी मोफत जागा दाखल्यांना आणि हिशेबांना पुष्कळ झाली.

संगणक बाधित झाल्याचा संशय आला तर सर्वप्रथम त्याचे इंटरनेट तोडावे आणि बँकेचे व ईमेलचे पासवर्ड दुसऱ्या, स्वच्छ उपकरणावरून बदलावेत. त्यानंतर विंडोज सिक्युरिटीच्या स्कॅनच्या पर्यायांत डिफेंडर ऑफलाइन स्कॅन निवडावा. संगणक पुन्हा सुरू होऊन विंडोज उघडण्यापूर्वीच ही तपासणी होते, त्यामुळे विंडोज चालू असताना लपून बसणारे व्हायरसही तिच्या तावडीत सापडतात. दुसरे मत हवे असेल तर मायक्रोसॉफ्ट सेफ्टी स्कॅनर दुसऱ्या संगणकावर उतरवून आणावा, पण तो उतरवल्यापासून १० दिवसच चालतो. केंद्र सरकारच्या सर्ट इन या संस्थेने २०१७ मध्ये सुरू केलेल्या सायबर स्वच्छता केंद्राच्या संकेतस्थळावरही साफसफाईची साधने मोफत मिळतात. एखाद्याच अनोळखी फाइलबद्दल शंका असेल तर व्हायरसटोटलवर ती अनेक कंपन्यांच्या इंजिनांकडून एकदम तपासून घेता येते. मात्र तिथे टाकलेली फाइल इतर संस्थांनाही पाहता येते, म्हणून आधार कार्ड किंवा हिशेबाची वही तिथे कधीही चढवू नये.

फाइली कुलूपबंद झाल्याच असतील तर खंडणी भरू नये, पैसे देऊनही किल्ली मिळेल याची शाश्वती नसते. नो मोअर रॅन्सम या प्रकल्पाच्या संकेतस्थळावर बाधित फाइलीचा नमुना देऊन व्हायरसचा प्रकार ओळखता येतो आणि काही प्रकारांची किल्ली तिथे विनामूल्य मिळते. हा प्रकल्प २०१६ मध्ये युरोपोल, नेदरलँड्सचे पोलीस आणि सुरक्षा कंपन्यांनी मिळून सुरू केला. आज किल्ली मिळाली नाही तरी कुलूपबंद फाइली पुसून टाकू नयेत. त्या एका वेगळ्या डिस्कवर उतरवून, संगणक पुसून नव्याने उभा करावा आणि काही महिन्यांच्या अंतराने ते संकेतस्थळ पुन्हा तपासत राहावे, कारण टोळी पकडली गेल्यावर किंवा तिचे सर्व्हर पोलिसांच्या हाती लागल्यावर जुन्या किल्ल्या उशिरानेही प्रसिद्ध होतात.